होळीतून काढलेला बोरू

सासरे गावाहून वाशीला राहायला आले ते काखेत सनई आणि ओल्या गोणपाटात बोरूची मुळं घेऊन. गावच्या देवळात त्यांनी जन्मभर सनई वाजवलेली. तिच्या तोंडाची पत्ती बोरूच्या कांड्याची लागते आणि विकतची त्यांना चालत नसे. बिल्डिंगमागे टाकीचं पाणी गळायचं, तिथे त्यांनी मुळं लावली. दोन वर्षांत बोरूचं बेट झालं, आणि मच्छरही. मी कुरकुर करायचे. रियाज सुरू झाला की सरळ खिडकी लावून घ्यायचे.

त्या थंडीत त्यांनी पिवळी पडलेली तेवढी कांडी कापली, भारा बांधला आणि जिन्याखाली सावलीत वाळत ठेवला. बाकी बेट अजून कोवळं होतं. वैशाखात नणंदेचं लग्न. लेकीच्या मांडवात सनई आपणच वाजवायची, एवढा एकच हट्ट त्यांनी धरला होता, आणि जुनी पत्ती तर फाटायला आली होती.

मग आली होळी, आणि सोसायटीने ती त्या वर्षी पहिल्यांदाच पेटवायचं ठरवलं. नव्या शहरात झाडं नाहीत, लाकूड कुठून येणार? कमिटीवाले दारोदार फिरत होते.

"वहिनी, कायतरी द्या ना."

माझा सगळा जीव पुरणाच्या पातेल्यात. "जिन्याखालचं वाळकं न्या," म्हटलं आणि दार लावलं.

पुरण वाटताना डोक्यात प्रकाश पडला. तशीच बरबटलेल्या हातांनी खाली धावले. भारा होळीच्या तळाशी, वर कुणाचं तरी मोडकं कपाट. होळीसाठी लाकडं चोरतात हे सगळ्यांना ठाऊक. होळीतूनच चोरणारी मी पहिलीच. "वहिनी, पेटवायचा टाइम झाला, काय करताय?" कमिटीवाले म्हणत राहिले, मी अख्खी होळी विस्कटली. बहुतेक कांडी पिचली होती. धड निघाली चार.

ती सासऱ्यांपुढे ठेवली आणि मला रडूच आलं.

"मामंजी, भारा मीच दिला होता."

"ठावं हाय. नेताना बघितला म्या."

"मग अडवलं का नाही?"

ते एकेक कांडं बोटांत फिरवत होते. "तू दिल्यालं परत कसं मागायचं, सूनबाई? चारचौघांत तुझा शबुद पडला असता."

वैशाखात त्यांतल्याच एका कांड्याची पत्ती मांडवात वाजली. पंगतीत वाढायचं सोडून मी पहिल्या खुर्चीत जाऊन बसले. दोनदा बोलावणं आलं, तरी उठले नाही.