बर्फ्याचा पॉज

सिंगापुरात शहाणा माणूस सावली शोधतो, हा ऊन शोधायचा. आमच्या बेडोक भागातल्या हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या गाळ्यांच्या मंडपात, पंख्याखालचं टेबल मिळावं म्हणून लोक टिश्यूची पुडी ठेवून जागा धरतात. आणि हा सहा फुटी, पांढऱ्या दाढीचा म्हातारा कडेचं तापलेलं टेबल निवडायचा आणि तोंडावर उजेड येईल असा बसायचा. पहिल्याच दिवशी मी ओळखलं, हा नाटकातला माणूस. उजेड कुठून पडतोय हे न बघता नटालाच कळतं. मी तीस वर्षं विंगेत उभं राहून पडदा ओढलाय, मला हे कुणी सांगायला नको.

तो आइसलंडचा. असा देश आहे हे मला तोवर ठाऊक नव्हतं, आणि नव्हतं तर नव्हतं. मुलीनं इथल्या चिनी माणसाशी लग्न केलं, पुढं याची बायको वारली, मग मुलीनं याला इकडं आणला. माझंही तेच. माझा मुलगा जुरोंग आयलंडला इंजिनिअर. सकाळी कंपनीच्या बसनं जातो, दिवे लागल्यावर येतो, आणि बाप दिवसभर अकराव्या मजल्यावर. दोघंही दुसऱ्याच्या घरात नीट पुसून ठेवलेलं सामान. त्याचा ब्लॉक आमच्या शेजारीच होता.

मी शाळेत तिसरीपर्यंत गेलो. इंग्रजी म्हणाल तर कॉफीवाल्यांकडून उचललेलं. त्याचं इंग्रजी चांगलं होतं, पण माझ्यासाठी तो ते मोडून द्यायचा, दात नसलेल्या माणसाला भाकरी मोडून द्यावी तसं. इथं मी ते सगळं मराठीतच लिहितो. कॉफीवाला त्याला आइस अंकल म्हणायचा, मी बर्फ्या म्हणायला लागलो. अर्थ विचारला तेव्हा सांगितलं, मोठा नट. तर हा माझ्या सुनेला लिफ्टमध्ये भेटला आणि छातीवर हात ठेवून म्हणाला, "आय ॲम बर्फ्या." सून दोन दिवस हसत होती. तो मला कर्टन म्हणायचा. माझं खरं नाव त्यानं कधी विचारलं नाही, मीही सांगितलं नाही.

"आमच्याकडे हिवाळ्यात सूर्य जेमतेम तोंड दाखवतो," तो सांगायचा. "लोक नाटकासाठी येत नाहीत, कर्टन. उजेडासाठी येतात."

"आमच्याकडे पंख्यासाठी येतात," मी म्हणायचो.

त्याच्या देशात माणसंच कमी. रात्री राजाचं काम करावं आणि सकाळी मासळीच्या दुकानात गेलं की बाईनं विचारावं, "काल दुसऱ्या अंकात शिंकलात का हो?" म्हातारपणी सिनेमे मिळाले, पण सगळ्यांत याला बुडवायचे तरी किंवा बर्फात गाडायचे तरी. "मी इतक्यांदा मेलोय," तो म्हणायचा, "की आता खरं मरायची तालीम लागणार नाही."

पण त्याची खरी मिजास पॉजची. वाक्य म्हणता म्हणता थांबायचा. कॉफीचा कप हातात, डोळे उजेडाकडे, आणि समोरच्या टेबलावरचे लोकसुद्धा चमचे खाली ठेवून बघायचे. मग उरलेलं वाक्य अलगद सोडायचा. "शब्द लेखकाचे," म्हणायचा. "थांबणं माझं. त्यावर कुणाचा हक्क नाही."

हे ऐकलं की मला सांगली आठवायची. का, ते एकदा त्याला सांगून टाकलं. सांगलीला आमच्या कंपनीचा प्रयोग होता. शेवटच्या प्रवेशात मुख्य नट पाठ फिरवून उभा राहिला. मला वाटलं, संपलं. मी दोर सोडला. नाटकाचं शेवटचं वाक्य पडद्याआड राहिलं. सगळ्यांदेखत तो ओरडला, "पडदेवाल्याला अक्कल नाही!" मी म्हणालो, "तुम्ही विसरलात, मी कशाला चुकतोय?" दुसऱ्या दिवशी कंपनी सोडली. माफी मागितली नाही. मागितली असती तर तीच नोकरी राहिली असती, पण नाही मागितली.

बर्फ्यानं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "त्यानं किती वेळ थांबायचं ठरवलं होतं, हे तुला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"मग त्याचीही चूक." एवढं मला आजवर कुणीही दिलं नव्हतं.

त्याची बायको हिल्दुर. तीही नटी, आणि त्याच्याच सांगण्याप्रमाणे त्याच्याहून सरस. मूल झालं आणि ती घरी राहिली. पुढं सगळी वर्षं तिनं स्वयंपाकघरात बसून याची भाषणं पाठ करून घेतली. हार-तुरे याला. तिचं नाव कुठल्या जाहिरातीत नाही, कुठल्या फलकावर नाही. हे सांगताना तो पॉज घ्यायचा नाही, भरभर सांगून मोकळा व्हायचा.

मग त्याला पत्र आलं. त्याच्या देशातला सिनेमाचा राष्ट्रीय सन्मान, आयुष्यभराच्या कामाबद्दल. विमानाच्या प्रवासाला डॉक्टरांनी तेव्हा नको म्हटलं होतं, म्हणून त्यानं मुलीच्या घरातूनच टॅबलेटवर बोलायचं आणि तिकडं सभागृहात मोठ्या पडद्यावर दिसायचं, असं ठरलं. झगमगाट म्हणे रात्री असतो, म्हाताऱ्यांचे सन्मान दुपारी उरकतात. म्हणजे तिकडं दुपारचे बारा, इकडं संध्याकाळचे आठ. मी म्हणालो, "आमच्याकडेही असंच. म्हाताऱ्यांचं जेवणाआधी."

भाषण त्यानं स्वतः रचलं. लहानसंच. त्यातलं शेवटचं वाक्य त्यानं मला समजावून सांगितलं: हिल्दुर, थेह्ता एर थिह्त. हिल्दुर, हे तुझं आहे. "बाकी सगळं गळालं तरी चालेल," तो म्हणाला. "हे त्या सभागृहात म्हटलं गेलं पाहिजे. मी अजून एवढंच देणं लागतो."

त्याच आठवड्यात आम्ही पुलाउ उबीन बेटावर गेलो होतो. बोटीच्या पुढच्या टोकाशी हा उभा राहून भाषण म्हणायला लागला. बोटवाला ओरडला, "अंकल, सिट डाऊन लाह!" हा थांबला. मला वाटलं, पॉज. धक्क्याला उतरलो, बाकावर बसलो, तरी हा गप्पच. मग माझ्याकडे न बघता म्हणाला, "तो पॉज नव्हता, कर्टन."

कळलं मला. त्याआधीही चाव्या, चष्मा, लिफ्टचा मजला असं विसरणं चालू होतं. पण नटाचे शब्द जाणं वेगळं.

"कागद समोर ठेव," मी म्हणालो.

"कागद बघून आभार मानायला मी मंत्री नाही."

"मग मुलीला सांग मागून बोलायला."

"मुलीला कळलं तर ती समारंभच बंद करेल. तू पाठ कर."

आता बघा, मला त्या भाषेतलं अक्षर येत नाही. पण अख्खी नाटकं मी कानानं पाठ केलेली, तेव्हा धड वाचता येत नव्हतं म्हणूनच. तीन आठवडे रोज सकाळी तो म्हणायचा, मी मागून म्हणायचो. घशात खडे अडकल्यासारखी भाषा. कॉफीवाला विचारायचा, "अंकल, टुडे ऑल्सो ड्रामा आह?" शेवटी मला इतकं पक्कं झालं की तो चुकला तर मी टेबलावर बोट आपटायचो.

खूण ठरली. पॉजमध्ये मी मध्ये बोलायचं नाही, जीव गेला तरी. विसरला तर त्यानं डाव्या कानाला हात लावायचा, मग मी शब्द द्यायचा. ठरलं. हातावर हात मारला.

त्या संध्याकाळी कोट घालून तो बसला. मुलगी टॅबलेट लावून मागं उभी. मी टॅबलेटच्या बाजूला टेबललॅम्प धरून बसलो, उजेडाचं निमित्त. तिकडचं सभागृह दिसत होतं, माणसं बारीक बारीक. तो बोलायला लागला. काय बोलला! ओठ न हलवता मी बरोबर चाललो होतो. एकेक वाक्य जागेवर पडत होतं. आणि शेवटच्या वाक्याच्या तोंडाशी तो थांबला.

मी त्याच्या कानाकडे बघत राहिलो. हात मांडीवरच होता.

थांबला. अजून थांबला. मी डोळे बघितले. डोळे उजेडाकडे नव्हते. कुठंच नव्हते. मला कळलं होतं, हे मी आज लिहितो. कळलं होतं. पण ठरलं ते ठरलं. सांगलीला एकदा घाई केली होती, तेव्हापासून मी ठरल्याबाहेर दोर सोडलेला नाही. शब्द जिभेवर होते आणि मी लॅम्प धरून दगडासारखा बसून राहिलो.

तिकडं सभागृहात एक बाई उभी राहिली, मग दुसरी, मग सगळेच. टाळ्या. टाळ्या थांबेचनात. मग चित्र गेलं. मुलगी रडत येऊन बापाच्या गळ्यात पडली. तिला तर पुढं वाक्य आहे हेच ठाऊक नव्हतं.

तो माझ्याकडे बघत होता. मला वाटलं, आता शिवी देईल. द्यायला हवी होती. पण त्याच्या तोंडावर राग नव्हता, काहीच नव्हतं. तो खूणच विसरला होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी तापलेल्या टेबलावर बसून त्यानं विचारलं, "समारंभ कधी आहे रे, कर्टन? माझी लाइन पक्की आहे ना?"

मी कॉफी ढवळत राहिलो. ढवळण्यासारखं काही उरलं नव्हतं. मग म्हणालो, "आहे अजून वेळ. म्हण."

त्यानंतर रोज तालीम. रोज तो शेवटच्या वाक्याशी अडायचा आणि मी खुणेची वाट न बघता लगेच शब्द द्यायचो. तो म्हणायचा, हिल्दुर, थेह्ता एर थिह्त, आणि खूश होऊन टोस्ट खायचा. सन्मानाचा काचेचा तुकडा कुरियरनं आला, मुलीनं कपाटावर ठेवला. त्यानं मला विचारलं, "हे कुणाला मिळालं?" थकून जायचो मी. घरी येऊन पडायचो तर सून विचारायची, "बाबा, नुसतं बसून एवढं दमायला काय होतं?" तिला काय सांगणार? चुकलो म्हणायची सवय नाही. आणि ज्याला म्हणायचं, त्याला आठवत नाही.

शेवटी मुलीनं त्याला त्याच्या देशातल्या वृद्धाश्रमात न्यायचं ठरवलं. तिथं भाषा तरी आपली असेल, म्हणाली. या वेळी डॉक्टरही जा म्हणाले. मी निरोप द्यायला त्यांच्या ब्लॉकखाली गेलो. टॅक्सी उभी होती, ड्रायव्हर बॅगा चढवत होता. बर्फ्या सावलीतून बाहेर आला, उन्हाचा पट्टा बघून त्यात उभा राहिला, आणि कोटाचं बटण लावून सुरू झाला. मुलगी शेवटची बॅग हातात धरून बघत राहिली. एक शब्द चुकला नाही. शेवटच्या वाक्याशी येऊन थांबला.

मी लगेच म्हणालो, "हिल्दुर, थेह्ता एर थिह्त."

मुलीच्या हातातली बॅग खाली आली. बर्फ्यानं मान वळवून माझ्याकडे असं बघितलं, की सांगलीच्या त्या नटानंही तसं बघितलं नसेल.

"कर्टन," तो म्हणाला, "तो पॉज होता."

मी म्हणालो, "चुकलो."

त्यानं पुन्हा उजेडाकडे तोंड केलं, हवा तेवढा वेळ घेतला, आणि वाक्य स्वतः म्हटलं. नावासकट. मुलीनं ऐकलं, ड्रायव्हरनं ऐकलं, मी ऐकलं. मग तो टॅक्सीत बसला. दार मीच लावलं. आधी जरा थांबलो, मग लावलं.