वृषालीची सायकल

वृषाली जिवंत होती, तेव्हाच तिच्या नवऱ्याने तिची सायकल कचऱ्यात दिली.

आज तिला जाऊन वर्ष झालं. सगळे तिच्या हसण्याबद्दल लिहितायत. मी सायकलबद्दल लिहिते.

आम्ही जपानमध्ये, त्सुकुबात एकाच बिल्डिंगमध्ये राहायचो. ती इथल्या एका रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये, तिचा नवरा प्रशांत IT मध्ये, घरूनच काम.

दर मार्चला, थंडी जरा मोडली की आम्ही दोघी पार्किंगमध्ये जुने पेपर पसरून बसायचो. हिवाळाभर उभ्या राहिलेल्या सायकली उलट्या करायच्या. चेन रॉकेलने, जुन्या टूथब्रशने घासायची. ब्रेकचे रबर बदलायचे, हवा मारायची.

माझं चाक फिरवून ती म्हणायची, "आऊट आहे. पान्हा दे, तुला जमणार नाही."

गोड बोलणं तिच्या स्वभावात नव्हतं.

मग एप्रिलभर जुन्या रेल्वेलाइनवरचा सायकल-रस्ता. रूळ गेलेत, पण स्टेशनांचे प्लॅटफॉर्म अजून आहेत. तिथे साकुराच्या, म्हणजे चेरीच्या फुलांखाली बसून पोहे खायचे.

तिच्या शेवटच्या हिवाळ्यात ती हॉस्पिटलमध्ये होती. कॅन्सर. डॉक्टरांनी प्रशांतला सांगितलं होतं, मनाची तयारी ठेवा.

त्याने ठेवली.

एक सांगते, त्याने तिचं सगळं केलं. सुट्टी काढली, रोज डबा नेला, तिचे पाय चेपले. आमच्या मराठी ग्रुपमध्ये सगळे म्हणायचे, नवरा असावा तर असा.

आणि वृषाली परत आली.

औषध लागू पडलं होतं. किती दिवस, ते कोणी सांगत नव्हतं. मार्च होता. डोक्याला स्कार्फ बांधून ती माझ्या हाताला धरून खाली उतरली. म्हणाली, चल, सायकली काढू.

तिच्या सायकलची जागा रिकामी होती.

मला वाटलं चोरीला गेली. पण प्रशांत मागून आला आणि त्याचा चेहरा बघून आम्हा दोघींना कळलं.

त्याने मोठ्या कचऱ्याच्या गाडीचं बुकिंग केलं होतं, कोपऱ्यावरच्या कोंबिनीतून, चोवीस तासांच्या दुकानातून, पैसे भरून स्टिकर आणून सायकलला लावलं होतं. रोज येताजाता समोर दिसायची, बघवत नव्हतं, म्हणाला.

इथे सायकल पोलिसांकडे रजिस्टर असते, मालकाच्या नावावर. वृषालीने तेवढंच विचारलं.

"नावसुद्धा काढून आलास?"

"नियम आहे," तो म्हणाला.

ती रडली नाही. त्याला म्हणाली, तुझी सायकल खाली आण.

त्याची रोड बाइक घरात भिंतीला टांगलेली असायची. कार्बनची. आम्हाला हात लावायची परवानगी नव्हती. तो समजावायला लागला, हँडल खूप खाली आहे, तुझ्या अंगात ताकद नाही, पडशील.

"तुझ्या हिशोबात मी मेलेलीच आहे. मेलेल्या माणसाला पडून काय होणार?"

मग ती फोल्डिंगच्या खुर्चीत बसली आणि तो पेपरवर. सीट खाली करायला लावली. वाकडं हँडल काढून सरळ बसवायला लावलं. पॅडल बदलायला लावले. पुढे बास्केट, बाजारात जाणाऱ्या बायकांच्या सायकलला असते तशी. शेजारचे जपानी आजोबा येताजाता वाकून नमस्कार करत होते.

चेन चढवताना त्याचं बोट कापलं. मी म्हटलं, अगं, रक्त येतंय.

"सायकलला लागू देऊ नकोस," ती त्याला म्हणाली.

त्या एप्रिलमध्ये ती त्याच सायकलवर फिरली. हळूहळू, धापा टाकत. मी शेजारून. तो कार घेऊन पुढच्या जुन्या स्टेशनपाशी थांबायचा, थर्मासमध्ये आल्याचा चहा घेऊन.

तिने एकदाही तो चहा घेतला नाही. मला म्हणायची, मेधा, मशीनमधून एक कॉफी आण ना.

तो थर्मास परत गाडीत ठेवायचा. दुसऱ्या दिवशी पुन्हा चहा करून आणायचा.

मला त्याची दया यायची. तिला नाही आली.

पावसाळा लागला आणि दुखणं उलटलं. शेवटच्या आठवड्यात ती त्याच्याशी सगळं बोलली. बँकेचं, गीझरच्या सर्व्हिसिंगचं, आईला कसं सांगायचं त्याचं. त्या एका गोष्टीबद्दल अक्षर नाही. तो वाट बघत होता, हे तिला दिसत होतं. मलाही दिसत होतं.

ती गेल्यानंतर दिवस झाले आणि पाहुणे पांगले. मी निघाले तेव्हा तो दारापर्यंत सोडायला आला.

"मेधा, तुझ्याशी काही बोलली का ती? म्हणजे, राग गेला, असं काही?"

हो म्हणणं सोपं होतं. कोणीही म्हटलं असतं. पण तिच्या तोंडी मी माझी वाक्यं घालणार नव्हते.

"नाही," म्हटलं.

"बरोबर आहे," म्हणाला. मग माझे शूज नीट लावून ठेवायला खाली वाकला आणि बराच वेळ वर आलाच नाही.

हे लिहू का, असं मी त्याला काल फोनवर विचारलं.

"लिही. फक्त मी घाबरलो होतो, हेही लिही."

लिहिलं.

वृषाली, तुझ्यासारखी तूच. मनापासून निरोप.