रेडिओवरची भवानी

नांदूरघाटजवळच्या आमच्या गावात कुणी नवं दुकान टाकलं, की पहिल्या दिवशी सगळी गल्ली तिथं जाते. गरज असो नसो, काहीतरी घेतेच. पहिली विक्री, म्हणजे भवानी, आपल्या माणसाच्या हातची झाली की धंद्याला बरकत येते म्हणतात.

पुण्यातल्या एका खासगी रेडिओ स्टेशनवर मला कार्यक्रम मिळाला, तेव्हा हे माझ्या डोक्यातच नव्हतं. गाणी नाहीत, नुसत्या गप्पा. मी विषय काढायचा, लोकांनी फोन करून बोलायचं, मध्ये जाहिराती. फोन आले तर नोकरी पक्की, नाहीतर रामराम. हे मी मायला सांगितलं आणि तिथंच घोळ झाला.

पहिल्या दिवशी विषय होता पुण्यातलं पार्किंग. पहिलाच फोन आमच्या चुलत्यांचा! "बाई, आमच्याकडं गाडी कुठंबी लाव, कुणी इचारत न्हाई." त्यांच्यामागं किराणावाले मामा, मग शेजारची काकू. अख्खं गाव मोबाइलवर रेडिओ लावून बसलेलं. काकूला पार्किंगचं काय देणंघेणं? "आवाज लई गोड येतोय गं," म्हणाली आणि ठेवला. पुण्याच्या माणसाला लाइनच मिळेना. कप्पाळ माझं!

स्टुडिओबाहेर आले तर स्टेशनचे साहेब लालबुंद. "जाहिराती पुण्यातल्या दुकानांच्या आहेत. तुमच्या गावचे लोक इथं सोफा घ्यायला येणारेत का? उद्या तिकडून एक जरी फोन आला, तर परवा येऊ नका."

साहेबांचं काही चुकत नव्हतं. मला राग आला तो गावाचा. मायला फोन लावला आणि तोंडाला येईल ते बोलले. "पोटावर पाय आणताय का माझ्या? खबरदार कुणी फोन केला तर!"

माय एवढंच म्हणाली, "बरं. न्हाई करणार कुणी."

दुसऱ्या दिवशी विषय टँकरच्या पाण्याचा. लाइन थंड. मी एकटीच बडबडतेय, घशाला कोरड पडलेली, काचेपलीकडं साहेब घड्याळ बघतायत. तेवढ्यात वाकडच्या एका वॉचमनचा फोन आला. मग हडपसरची धुणीभांडी करणारी बाई, मग एक रिक्षावाला. काय बोलले एकेक! टँकर कधी येतो, कुठल्या मजल्यावर पाणीच चढत नाही, कोण गाडी धूत बसतं. साहेबांनी काचेतून अंगठा दाखवला. माझे पाय जमिनीवर नव्हते.

शेवटचा फोन पार्सल पोचवणाऱ्या एका पोराचा. अगदी पुणेरी बोलत होता, मुद्देसूद. ठेवता ठेवता म्हणाला, "अक्का, जेवलीस का गं?"

मी घाईघाईनं जाहिरात लावली आणि मायला फोन केला.

"तू नको म्हणलीस म्हणून आमी न्हाई केला," माय म्हणाली. "पण गावातली पोरं हायेत की पुण्यात. ज्यानं त्यानं आपापल्या लेकराला सांगितलं."

एवढं सगळं ऐकून घेऊन वर ही माया! कसं फेडायचं हे माणसानं?

साहेब आत आले. "बघा, आज कसे पुणेकर बोलले!"

"हो साहेब, पुण्यातलेच हायेत सगळे," मी म्हणाले, आणि त्यांच्यासमोरच हमसून हमसून रडले.