बाटलीतला श्वास

प्रयोगशाळेत रुजू झाल्या दिवशी बाईंनी मामांना पहिल्यांदा पाहिलं, ते जांभळ्या रंगात. दारात एक माणूस काचेच्या बाटल्यांची पेटी कवटाळून उभा. गाल फुगलेले, डोळे राजीनामा देऊन बाहेर निघालेले. "कोण आपण?" उत्तर नाही. बाई पाणी आणायला धावल्या, शिपाई डॉक्टर आणायला. मामांनी पेटी टेबलावर ठेवली, चार पावलं मागे सरकले आणि असा काही श्वास सोडला की भिंतीवरच्या कॅलेंडरचा महिना उलटला.

"टेकडीवरची हवा आहे," ते म्हणाले. "तिच्यावर श्वास सोडायचा नसतो."

"अहो, पण बाटल्या बंद आहेत."

"असू देत. एकदा सवय मोडली की संपलं."

मामांचं काम एवढंच. माथ्यावर जायचं, वाऱ्याकडे तोंड करायचं, श्वास रोखून बाटली भरायची, बंद करायची आणि मग पुन्हा जगायला लागायचं. माणसाच्या उच्छ्वासात कार्बन डायऑक्साइड बाहेरच्या हवेच्या शंभरपट. जरा फुंकर लागली की बाटली वाया. मामी म्हणायच्या, "माझ्याशी भांडतानासुद्धा आधी वारा कुठला ते बघतात."

यंदा बाटल्यांतल्या वायूंचे आकडे बिघडले. मिथेन जागच्या जागी, कार्बन डायऑक्साइड मात्र चढलेला, तोही प्रत्येक बाटलीत वेगळा. बाईंनी यंत्र तपासलं, बाटल्यांच्या तोट्या तपासल्या आणि शेवटी मामांबरोबर टेकडी चढल्या. वाटेत मामा सारखे थांबत होते, दर वेळी देखाव्याचं निमित्त काढून. माथ्यावर त्यांनी बाटली उघडली. ती भरायच्या आतच त्यांची छाती भात्यासारखी हलली आणि श्वास सुटला.

"कधीपासून, मामा?"

"हिवाळ्यापासून." ते बाटलीकडेच बघत होते. "वर कळवू नका हो. घरी बसवतील."

"डॉक्टरांना दाखवलंत?"

"दाखवलं. ते म्हणाले, छातीचा फोटो काढतो, श्वास रोखून धरा. तिथेच फजिती झाली."

बाईंना हसू आलं; ते आवरून त्यांनी बाटली बंद केली. उतरताना पेटी त्यांनी घेतली. मामांनी ती घेऊ दिली, याचीच बाईंना जास्त धास्ती वाटली.

अहवाल कितीतरी दिवस कोराच पडून होता. खोटा आकडा पुढे पाठवायचा की मामांना घरी? शेवटी बाईंनी लिहिलं: नमुने दूषित, कारण उच्छ्वास.

टेकडीवर स्वयंचलित यंत्र बसलं. वर्ष संपायच्या आत मामा गेले. हिवाळ्यापासूनचे त्यांचे सगळे आकडे रद्द झाले.