अप्पांचा अंगठा आणि अक्षतांचा फोटो

आदरणीय मन्मथअप्पांची आणि माझी पहिली भेट झाली ती वादावादीतच. मी देगलूरची. फोटोग्राफी शिकायला म्हणून लातूरला त्यांच्या स्टुडिओत गेले आणि माझा नवाकोरा कॅमेरा मोठ्या तोऱ्यात त्यांच्यापुढे ठेवला. हा सगळं आपोआप करतो, नुसतं बटण दाबायचं, असं ऐटीत सांगितलं. अप्पांनी तो उलटसुलट करून पाहिला आणि विचारलं, मग तू कशाला लागतीस? असा राग आला म्हणता! पण दुसऱ्या दिवशी सकाळी मी पुन्हा त्यांच्या दारात हजर होते.

लातूर नवा जिल्हा झाला त्या वर्षी अप्पांनी हा स्टुडिओ काढला. हदगावपासून उदगीरपर्यंतचे फोटोग्राफर आजही नवा कॅमेरा घेतला की आधी त्यांना दाखवायला आणतात. लोकांना वाटतं, आम्ही हे भारी कॅमेरे मिरवायला घेतो. छे हो! अप्पा समजावून सांगतात की, साधा कॅमेरा सगळं स्वतःच ठरवून मोकळा होतो. भारी कॅमेऱ्यात शटरचा वेग, उजेड, फोकस, सगळं आपल्या हातात राहतं. त्यात त्यांचं सगळ्यात लाडकं म्हणजे मागच्या बाजूचं, अंगठ्याखालचं बटण. त्यानं फोकस एकदा धरून ठेवायचा. मग फोटो कितीही काढा, तो हलत नाही. हे बटण त्यांनी मला दहादा शिकवलं. मला ती म्हाताऱ्या माणसाची खोड वाटली, खोटं कशाला बोलू?

आता ज्यासाठी लिहायला बसले ते सांगते. रेल्वेनं पाणी आलं त्या दुष्काळी उन्हाळ्यात औशाचं एक लग्न मला मिळालं. माझं एकटीचं पहिलं काम! घरच्यांनी बजावलं होतं, हे नीट झालं तर स्टुडिओ काढ. बिघडलं तर कॅमेरा विकायचा आणि मुकाट्यानं घरच्या कापडाच्या दुकानात बसायचं.

आमच्याकडे अक्षता ज्वारीच्या, हळद लावलेल्या. अंतरपाट दूर झाला, चारी बाजूंनी अक्षता उडाल्या आणि मी धडाधड बटण दाबत सुटले. लई खुशीत होते! मग मागच्या पडद्यावर पाहिलं आणि पायाखालची जमीनच सरकली. ज्वारीचा दाणा न् दाणा ठसठशीत, आणि नवरा-नवरी पार पुसट. अंगठ्याखालचं ते बटण मी दाबलंच नव्हतं, त्यामुळे कॅमेऱ्यानं दर वेळी समोरून उडणारा दाणाच पकडला होता. तो क्षण काही पुन्हा येणार नव्हता.

अप्पा त्या लग्नात पाहुणे म्हणून आले होते, कॅमेरा अर्थातच गळ्यात. माझं तोंड पाहून त्यांनी मला मंडपामागे नेलं आणि माझे फोटो एकेक करून पाहिले. रागावले नाहीत.

"यंत्राला काय ठाऊक माय, नवरी कोण अन् ज्वारी कोण? ते आपण सांगायचं असतंय," एवढंच म्हणाले. मग आपल्या कॅमेऱ्यातलं कार्ड काढून माझ्या हातावर ठेवलं आणि पंगतीत जाऊन जेवायला बसले.

त्या कार्डातला एक फोटो तुम्ही सगळ्यांनी पाहिला आहे. हवेत थबकलेली ज्वारी, तिच्यामागे हसू न आवरणारी नवरी, अगदी लख्ख, आणि तिच्या पापणीवर अडकलेला एक दाणा. लातूर-नांदेडच्या प्रदर्शनांत तो माझ्या नावानं लागला. त्याच्या जोरावर मला कामं मिळाली, स्टुडिओ उभा राहिला. लोक माझी तारीफ करतात तेव्हा अप्पा शेजारी असले तर तेही कौतुकानं मान हलवतात. दोनदा मी खरं सांगायला तोंड उघडलं, दोन्ही वेळा त्यांनी मला चहा आणायला पिटाळलं.

म्हणून त्यांच्या पंचाहत्तरीच्या या ग्रंथासाठी लेख मागितला गेला तेव्हा मी संपादकांना एकच अट घातली: छापून होईपर्यंत अप्पांना दाखवायचा नाही. तर मंडळी, तो फोटो मन्मथअप्पांचा आहे. माझा नाही. शेजारच्या पानावर तो प्रथमच त्यांच्या नावानं छापला आहे.

अप्पा, आता तुम्ही रागावणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. खुशाल रागवा. पुरती पंचवीस वर्षं, धडधाकट राहून, रोज रागवा.