तीन सॉकेट आणि दत्ताभाऊंची इस्त्री

परांजपे काका सॅम्पल बोर्डाला कान लावून स्विच दाबत होते.

"आवाज बघा किती मऊ आहे! आणि ही काचेची प्लेट. मॅडम, हेच फायनल करा."

कमिटीतल्या बाकीच्यांनी माना डोलावल्या. मी कपाळाला हात लावायची राहिले, एवढंच.

मुलुंडमधल्या एका सोसायटीच्या रीडेव्हलपमेंटची ही गोष्ट. मी इलेक्ट्रिकल कन्सल्टंटच्या ऑफिसात काम करते. कुठल्या खोलीत किती पॉइंट, कुठली वायर, कुठल्या कंपनीचं सॉकेट, हे सगळं कागदावर लिहून देणं हे आमचं काम. त्या कागदाला आम्ही स्पेक शीट म्हणतो. परांजपे काका सोसायटीचे सेक्रेटरी, बँकेतून रिटायर झालेले. प्रत्येक कागद दोनदा वाचणारे. स्विच मात्र आवाजावरून निवडत होते.

त्यांचा दोष नाही. सॅम्पल बोर्ड म्हणजे एक प्लायवूडचा तुकडा, त्यावर तीन कंपन्यांचे स्विच आणि सॉकेट बसवलेले. त्यात करंट नसतो. लोक टिकटिक करतात, रंग बघतात, साडी निवडावी तसं निवडतात. खरी गोष्ट सॉकेटच्या पोटात असते. तिथल्या पितळेच्या पट्ट्या प्लगच्या पिना घट्ट धरून ठेवतात. पकड सैल झाली की ती जागा तापते, प्लास्टिक तपकिरी होतं आणि एक दिवस स्वयंपाकघरात जळका वास येतो. आयएसआय मार्क तिन्हींवर होता, पण तो रोजच्या ओढाताणीत किती वर्षं टिकेल हे सांगत नाही.

कॉन्ट्रॅक्टर विजय कांबळे बोर्डाशेजारी उभे होते. वीस वर्षं दुसऱ्यांच्या हाताखाली वायरमन म्हणून काढली, आणि स्वतःच्या नावावरचा हा पहिलाच टॉवर. पाच वर्षं या सॉकेटांची जबाबदारी त्यांची, तसं करारातच होतं. त्यात भिंतीतले लोखंडी बॉक्स एकदा प्लास्टरमध्ये गेले की कंपनी सहज बदलता येत नाही, मापं जुळत नाहीत. निवड चुकली तर घराघरात भिंती फोडायच्या त्या कांबळ्यांनी. मग दुसरा टॉवर कोण देणार?

माझ्या शीटवर दुसरी कंपनी होती. तिचंच नाव मी कितीतरी वर्षं लिहीत आले होते. तिसरं सॉकेट कांबळ्यांनी बोर्डावर जागा भरायला लावलं होतं, वर्कशॉपमध्ये वापरतात तसलं साधं, पांढरं. त्याच्याकडे कोणी बघतही नव्हतं.

"काका, मला तीन आठवडे द्या," मी म्हटलं. "टेस्ट करू आणि मग ठरवू."

बाहेर आल्यावर कांबळे म्हणाले, "मॅडम, तुम्ही सांगाल ते मी लावतो ना. टेस्ट कशाला?"

"काचेची प्लेट निघायला हवी ना काकांच्या डोक्यातून!"

टेस्टची जागा मी आधीच हेरली होती. शेजारच्या सोसायटीच्या गेटपाशी दत्ताभाऊ राऊतांचं इस्त्रीचं टेबल आहे. त्यांची इस्त्री जुनी, वजनदार, तापली तरी आपोआप बंद न होणारी. म्हणून ते दर दोन-चार कपड्यांनी प्लग काढतात आणि परत लावतात. बटण बंद करत नाहीत. थेट वायर धरून ओढतात. चालू करंटमध्ये पिन ओढली की आत ठिणगी उडते. सॉकेटचे याहून मोठे हाल कोणी करू शकत नाही. कांबळ्यांनी तिथे तिन्ही सॉकेटचा बोर्ड लावला, माझ्या आग्रहाने शॉक लागू नये म्हणून ट्रिप होणारा स्विचही बसवला. एकेक आठवडा एकेक सॉकेट.

काचवालं पाचव्या दिवशी सैल झालं. प्लग नुसता लोंबायला लागला. मी लगेच काकांना फोन केला आणि थोडं जास्तच बोलले. "दिसतं तसं नसतं काका, म्हणून तर जग फसतं," वगैरे. ते बिचारे "हो, हो" म्हणाले.

दुसऱ्या आठवड्यात चौथ्या दिवशी दत्ताभाऊंचा फोन. "मॅडम, तुमचंवालं पण तापतंय हां. हात लावून बघा."

मी तणतणतच गेले. वायर ढिली असणार, कांबळ्यांनी स्क्रू नीट आवळला नसणार. स्क्रू घट्ट होते. सॉकेटच्या तोंडाशी मात्र तपकिरी डाग.

"मी काय वेगळं नाय केलं," दत्ताभाऊ म्हणाले. "त्या काचवाल्याला जसं ओढलं तसंच ह्याला ओढलं."

ते सॉकेट मी घरी नेलं. आमच्या स्वयंपाकघरात त्याच कंपनीचं जुनं सॉकेट होतं. मेन बंद करून ते काढलं आणि दोन्ही उघडली. जुन्यातली पट्टी जाड, तिला मागून स्प्रिंगचा आधार. नव्यातली पातळ, आणि स्प्रिंग गायब. बाहेरून दोन्ही अगदी सारखी. मी मागच्या प्रोजेक्टची शीट उचलून नव्या प्रोजेक्टवर चिकटवत आले होते. आमच्या धंद्यात सगळेच तसं करतात. मला माझी लाज वाटली.

आमच्या सरांना सांगितलं, तर ते म्हणाले, "माधवी, एखादा पीस खराब निघतो. शीट अप्रूव्ह झालीय, आता कशाला उकरतेस?"

मी दुकानातून आणखी दोन आणली. सरांच्या टेबलावरच उघडली. दोन्हींत तीच पातळ पट्टी. सरांनी एक पट्टी नखाने दाबून बघितली. मग म्हणाले, "घाटकोपरच्या बिल्डिंगमध्ये पण हेच लावलंय. जाऊन बघ." तिथली जुन्या मालातली निघाली, जाड पट्टीची. जिना उतरताना माझा जीव भांड्यात पडला.

साधं, पांढरं सॉकेट दत्ताभाऊंकडे पूर्ण आठवडा राहिलं. काढलं तेव्हाही प्लग घट्ट बसत होता.

कमिटीसमोर मी तिन्ही उघडून ठेवली. "काका, तुमचं पडलं आणि माझंही पडलं," मी म्हटलं. "चूक माझी. मी न बघता लिहिलं होतं."

मला वाटलं आता फोनवरच्या भाषणाची सव्याज परतफेड होणार. काका चष्मा काढून पट्ट्या बघत राहिले. "बँकेत मी हेच बघत आलो हो. जुन्या ओळखीचा खातेदार कोणी तपासत नाही," एवढंच म्हणाले. एका काकूंनी साधी प्लेट दवाखान्यासारखी दिसते अशी तक्रार केली. त्याच कंपनीची करड्या रंगाची प्लेट कांबळ्यांनी दुसऱ्या दिवशी आणून दाखवली. मग बॉक्स भिंतीत गेले.

ताबा देऊन आता दोन वर्षं होतील. लिफ्टच्या तक्रारी आल्या, गळतीच्या आल्या. सॉकेटची एकही नाही. कांबळ्यांना भांडुपचा टॉवर मिळाला, तोही काकांनी शब्द टाकल्यामुळे. शिकले काय, तर ओळखीच्या नावावर सही करू नये. नाव तेच राहतं, आतला माल आपल्याला न विचारता बदलतो.

भांडुपची शीट द्यायला गेले, तेव्हा कांबळ्यांनी ती पूर्ण वाचली. पूर्वी ते वाचत नसत. मग चहा पुढे करत म्हणाले, "मॅडम, राग मानू नका. हे सॉकेट उघडून बघितलंय, की मागच्या शीटवरचं आहे?"

मला राग यायला हवा होता. पण मी पर्स उघडली आणि त्या सॉकेटचे सुटे केलेले भाग त्यांच्या टेबलावर मांडले.