बारमाही पाण्याचा रकाना

भाद्रपदात कातळावर उभा राहून मी फॉर्मवर 'बारमाही पाणी आहे' असं लिहिलं आणि खाली सही केली.

माझ्या पायाशी पऱ्या, म्हणजे तिथला ओढा, खळखळत होता. घोटाभर पाणी. मी घाटावरचा, आमच्याकडे एवढं पाणी दिसलं की लोक त्याला नदी म्हणतात. कोकणातला कातळ पावसाळ्यात नुसता वाहतो आणि दिवाळीनंतर तव्यासारखा कोरडा पडतो, हे मला ठाऊक नव्हतं. ठाऊक असणारं माणूस माझ्या शेजारीच उभं होतं. मी विचारलं नाही. मी ओव्हरसियर होतो ना.

ते माणूस म्हणजे तिथल्या नर्सबाई. संगमेश्वरच्या आतल्या अंगाला असलेल्या त्या गावात त्या सहा-सात वर्षं होत्या. खालच्या वाडीत एका घराची पडवी भाड्याने घेऊन तिथेच बाळंतपणं करायच्या. पडवीला लागून विहीर. दारात कुणीही आलं, तलाठी असो की पुढारी, त्यांचं एकच वाक्य: "आधी हात धुवा, मग बोला."

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा म्हटलं, "बाई, मी पेशंट नाही."

"दिसतंय. पेशंट न सांगता धुतात."

स्वतः कोपरापर्यंत धुवायच्या आणि टॉवेलला न पुसता दोन्ही हात तसेच वर धरून वाळवायच्या. लांबून बघणाऱ्याला वाटावं, कुणीतरी बंदूक रोखलीय आणि बाई शरण आल्यात. शरण त्या कुणालाच गेल्या नाहीत, म्हणून तर हे लिहितोय.

त्या सुमारास एका परदेशी विकास बँकेने आरोग्याच्या इमारती बांधायला सरकारला कर्ज दिलं होतं. ऐंशीचं दशक ते. नकाशा एकच, सह्याद्रीच्या अलीकडे नि पलीकडे तोच. जागा फुकट मिळालेली हवी, ट्रक पोचायला हवा, पाणी बारमाही हवं. तिन्ही रकाने भरले की पैसे सुटायचे. आता फुकट जागा कोण देतो? ज्याच्या जागेत धड गवतसुद्धा उगवत नाही तो. गावच्या पुढाऱ्याने वरचा कातळ बक्षीस दिला आणि दारावर वडिलांचं नाव कोरून घेतलं. ट्रकचा रस्ता कातळावरूनच जात होता. उरला पाण्याचा रकाना. तो मी भरला.

"साहेब, एकदा मार्चात या," बाई तेव्हाच म्हणाल्या होत्या.

"मार्चात आमची वर्षअखेर असते, बाई."

"पाण्याचीही तेव्हाच असते. खालच्या वाडीत बांधा, विहिरीजवळ."

"तिथे ट्रक जात नाही."

"बाळंतीण ट्रकने येते का?"

याला माझ्याकडे रकाना नव्हता.

वर्षभरात इमारत झाली. पांढऱ्या टाइल्स, बेसिन, नळ, गच्चीवर टाकी. टाकीत पाणी कुठून यायचं, हा प्रश्न आमच्या खात्याचा नव्हता. विहीर दुसऱ्या खात्याची, आणि बँकेच्या पैशात विहीर बसत नव्हती. टाइल्स बसत होत्या. मग बाईंनीच वाडीला नियम घालून दिला: बाळंतिणीबरोबर नवरा नसला तरी चालेल, दोन भरलेल्या कळश्या हव्यात. जांभ्याच्या पायऱ्यांच्या उभ्या पाखाडीवरून एक बाई पोट सांभाळत चढतेय आणि तिच्यामागून दुसरी डोक्यावर पाणी घेऊन. हे आठवलं की अजून माझं डोकं फिरतं. राग कुणावर काढावा म्हणून कागद शोधायला जातो, तर खालची सही माझीच.

अशा इमारती तुम्हीही एस.टी.च्या खिडकीतून पाहिल्या असतील. माळावर एकटी, दाराला कुलूप. पुढच्या वेळी दिसली की कंडक्टरला विचारा, हिचं पाणी कुठलं.

जानेवारीत बँकेचे पाहुणे बघायला येणार होते. साहेबांच्या हुकमावरून मी आदल्या दिवशी टँकर नेऊन टाकी भरली. खात्यात इंग्रजी बोलायची हौस असलेला मीच, म्हणून दुभाषीही मीच. पाहुण्याने हसत हात पुढे केला. बाई कळशीतल्या पाण्याने ओले केलेले हात वर धरून उभ्या.

"आधी हात धुवा, मग बोला."

एवढं मी इमानाने सांगितलं. पाहुणा खूश होऊन बेसिनपाशी गेला. नळ दोनदा खोकला आणि गप्प झाला. सकाळपासून बाईंनी वाडीतल्या सगळ्या पोटुशा बायांना बोलावून, न्हाऊ घालून टाकी रिकामी करून टाकली होती.

मग बाई बोलल्या. पाच मिनिटं. कातळ, पऱ्या, पाखाडी, कळश्या, ट्रक, सगळं. मधे माझं नावही दोनदा आलं. "यांना सांगा, तुमचे पैसे दगडावर ओतलेत. टाइल्स परत घ्या नि एक विहीर द्या म्हणावं!"

पाहुण्याने माझ्याकडे पाहिलं. माझ्या मागे माझे साहेब उभे होते. मी इंग्रजीत सांगितलं, की बाई बँकेचे आभार मानतायत, आणि टाकी आजच धुवायला रिकामी केलीय.

पाहुण्याने बाईंचा फोटो काढला.

"एवढं बोलले, त्याचं इंग्रजीत एवढंसंच झालं?" बाईंनी मला विचारलं.

मी खाली वाकून बुटाची नाडी बांधू लागलो. पायात चपला होत्या.

चैत्रात एक पहिलटकरीण वर आली आणि अडली. दोन्ही कळश्या संपत आल्या. सासू पाण्याला खाली धावली, ती परत येईतो मूल झालं होतं. उरलेल्या तांब्याभर पाण्यात आपले हात धुवायचे की त्या बाळंतिणीला स्वच्छ करायचं, एवढंच बाईंच्या हाती राहिलं होतं. त्यांनी हात धुतले. चौथ्या दिवशी बाळंतिणीला ताप भरला. बाईंनी तिला डोलीत घालून रस्त्यापर्यंत आणि तिथून जीपने रत्नागिरीला नेलं. ती वाचली. त्यात आमच्या खात्याचा काडीचाही वाटा नाही.

हे मला सांगताना बाईंचे हात खाली होते. तसे मी ते आधी कधी पाहिले नव्हते.

त्यांनी नव्या इमारतीला कुलूप घातलं आणि त्या पुन्हा पडवीत गेल्या. बँकेच्या फॉर्मवर आता नवा रकाना होता: इमारत वापरात आहे का? मी लिहिलं, 'इमारत सुस्थितीत आहे. कर्मचारी वापर करत नाही.' दोन्ही वाक्यं खरी. एवढं खोटं मी आयुष्यात दुसरं काही लिहिलेलं नाही.

बाईंची बदली झाली, थेट गुहागरला. निरोपाला मी गेलो नाही. काम होतं, असं मी स्वतःलाच सांगितलं.

पुढच्या मार्चात मात्र गेलो. पहिल्यांदाच मार्चात. पऱ्याच्या जागी पांढरे धोंडे. इमारतीचं कुलूप तुटलेलं, आत पुढाऱ्याचा पेंढा, बेसिनमध्ये कोंबडी अंड्यांवर बसलेली. खिडकीत बाईंची साबणाची वडी होती, भेगा पडलेली. मी ती उगाच हातात घेतली आणि तशीच परत ठेवली. धुणार कशाने?

घसा वाळला होता. पाखाडी उतरून विहिरीवर गेलो. त्या पहिलटकरणीची सासू पाणी शेंदत होती.

"मावशी, घोटभर पाणी द्या."

तिने मला आपादमस्तक न्याहाळलं. "वरच्या दवाखान्याचं पानी लिवनारे तुमीच ना?"

मी मान हलवली.

तिने भरलेली कळशी कमरेवर घेतली. "मग वर जावा नि तिकडचंच प्या. बारमाही हाय."